काच पुसायची नाही

लोणावळ्याच्या वरच्या अंगाला काचेच्या बंगल्यांची एक टेकडी आहे. तिथून शुक्रवारी सकाळी जाणार असाल तर मान वर करून चाला. शनिवारी पाहुणे येतात म्हणून शुक्रवारी काचा पुसतात. आणि काचा पुसतात म्हणजे काय करतात, तर बाया खिडकीतून बाहेर निघतात आणि छज्ज्यावर उभ्या राहतात. छज्जा हातभर रुंद. पाऊस सरला की त्यावर शेवाळ. खाली कुठे फरशी, कुठे बागेचा दगडी कठडा, कुठे पोहण्याच्या तलावाची कड. पाहुण्यांना खोलीतून डोंगर स्वच्छ दिसला पाहिजे, एवढ्यासाठी हे सगळं. धुकं आलं की डोंगर तसाही दिसत नाही.

त्या बायांमधली एक माझी मावशी. खरी मावशी, आईची धाकटी बहीण. हे सांगावं लागतं, कारण टेकडीवर तिला सगळेच मावशी म्हणतात. मालक म्हणतात, मॅनेजर म्हणतो, पाहुण्यांची लेकरं म्हणतात. मावशी म्हणायचं आणि छज्ज्यावर उभं करायचं. माझ्या मते नात्याचा शब्द असा फुकट वापरण्यावर बंदी आणायला हवी.

ती तिथे आत झाडलोट करते, एवढंच आम्हाला घरी माहीत होतं. आमचं घर बेडसे गावात, लेण्यांच्या पायथ्याला. तिचं आमच्या शेजारीच. रोज सकाळी ती जीपने जायची आणि उन्हं कलली की यायची. विचारलं तर म्हणायची, "फरशी पुसते, भांडी घासते, आन काय." काचांचा विषय तिने कधी काढला नाही.

ते मला कळलं ते पत्रकं वाटताना. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहिते. एसटीची फेरी बंद झाली, पत्रक. नळाला गढूळ पाणी आलं, पत्रक. त्या दिवशीचं पत्रक बंगल्यांवर काम करणाऱ्या बायांच्या सुट्टीबद्दल होतं. एका बंगल्याच्या फाटकापाशी वाटत उभी होते. सहज वर बघितलं, तर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर हिरवी साडी. साडी ओळखली, आईनेच दिली होती. पदराचं टोक खिडकीच्या मुठीला बांधलेलं, दोन गाठी मारून. मावशी एका हाताने चौकट धरून दुसऱ्या हाताने काच घासत होती.

"मावशी!" मी ओरडले.

"वरडू नको," वरून आवाज आला. "दचकते ना मी."

ती खाली येईपर्यंत मी मान वर करूनच उभी राहिले. आल्यावर पहिलं विचारलं, "पदर कशाला बांधला होतास?"

"पडले तर धरंल की."

"पदर धरेल? हा असला पातळ पदर?"

"इतकी वर्सं पडले न्हाई. म्हंजी धरतोच की."

घरी येऊन मी नवं पत्रक लिहिलं. वर मोठ्या अक्षरात 'खिडकीबाहेर पाऊल नाही', खाली 'आम्ही यापुढे छज्ज्यावर उभ्या राहणार नाही'. आम्ही! मी जन्मात छज्ज्यावर उभी राहिले नव्हते आणि ज्या उभ्या राहतात त्यांतल्या एकीलाही विचारलं नव्हतं. तेव्हा मात्र मला ते वाक्य फार आवडलं होतं. पत्रकांचा गठ्ठा मावशीकडे दिला, म्हटलं, तुझ्या बरोबरच्या बायांना वाट.

पुढच्या शुक्रवारी मी बघायला गेले. मावशी छज्ज्यावर. हातात माझं पत्रक. तिची पद्धत अशी, की आधी ओल्या फडक्याने पुसायचं आणि मग वर्तमानपत्राच्या कागदाचा बोळा करून कोरडं घासायचं, काच कुईकुई ओरडेपर्यंत. काच ओरडली नाही तर तिच्या मते काम झालंच नाही. त्या दिवशी वर्तमानपत्राच्या जागी मी होते.

"तुजा कागद लय झ्याक पुसतो बग," ती वरून म्हणाली. "पेपरापरीस भारी. अजून हाईत का?"

मॅनेजर खाली उभा राहून हसत होता. हा गृहस्थ देहूरोडचा. टेकडीवरच्या सात-आठ बंगल्यांची देखभाल त्याच्याकडे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तोंडात कायम 'मालकांना विचारतो'. मला म्हणाला, "ताई, पत्रकांनी काचा साफ होत नसतात."

"व्हत्यात की," मावशी वरून म्हणाली.

मी चिडून विचारलं, "बाईमाणूस वर चढतंय, तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. पट्टा आणून दिला होता कमरेचा. मावशींनीच घातला नाही. विचारा."

"घालून अडकवू कशाला?" मावशी म्हणाली. "भिताडाला कडी हाय का एक तरी? गळ्यात घालून मिरवू का?"

तो पट्टा मी नंतर पाहिला. कोरा, प्लास्टिकच्या पिशवीतसुद्धा नीट. पट्टा घेतल्याचा फोटो मालकांना गेला होता. भिंतीत कडी बसवायची तर बाहेरच्या दगडी कामाला भोक पडलं असतं आणि ते वाईट दिसलं असतं. माणूस पडलेलं कसं दिसतं याचा विचार हे ठरवताना कुणी केला नसावा.

"उपाय सांगा," मॅनेजर म्हणाला. "नुसतं नाही-नाही कुणीही लिहील."

वाक्य झोंबलं, पण खरं होतं. आणि उपाय मला माहीत होता. राग तर याचाच जास्त आला, की तो इतके दिवस माझ्या हातात असून मला सुचला नव्हता.

त्याच्या आदल्या वर्षी मी वराळ्याजवळच्या एका कारखान्यात सहा महिने कंत्राटावर होते. काम होतं शेडच्या छपरावरच्या सोलर प्लेटा धुण्याचं. तिथे पाण्याचा दांडा होता. दुर्बिणीसारखा एकातून एक निघणारा, हलका, तीन मजले सहज गाठणारा. टोकाला रुंद ब्रश, दांड्याच्या पोटातून बारीक नळी, ती ब्रशमध्ये उघडते आणि पाणी तिथे, घासायच्या जागीच, फुटतं. खाली टाकी आणि छोटा पंप. आम्हाला शिकवणारे फोरमन होते, त्यांना सगळे भाऊ म्हणत. त्यांचा पहिला धडा दांड्याचा नव्हताच. "आधी वर बघ, विजेची तार आहे का. मग खाली बघ, पाय कुठे ठेवणार. मग दांडा उचल." दुसरा धडा पाण्याचा. साधं पाणी चालत नाही. साध्या पाण्यात क्षार असतात, पाणी उडून जातं आणि क्षार काचेवर पांढरे ठिपके होऊन बसतात. म्हणून पाणी आधी गाळणीच्या नळकांड्यांतून काढायचं, पेनासारखं मीटर त्यात बुडवायचं, आकडा शून्यावर आला की तेच पाणी वापरायचं. त्यात विरघळलेलं काहीच नसतं, त्यामुळे सुकताना मागे ठेवायलाही काही नसतं.

आणि तिसरा धडा, भाऊ रोज म्हणायचे तो: "पुसायचं नाही. धुवायचं आणि सोडून द्यायचं. फडकं लावलं की घाण परत लावली."

त्या मीटरचा मला एक किस्सा आहे. एकदा मी ते घरी आणलं आणि आमच्या वस्तीच्या नळाच्या पाण्यात बुडवलं. आकडा सांगत नाही, उगाच पत्रक होईल. प्यायच्या पाण्यात थोडे क्षार हवेतच, हे भाऊंनी मला समजावलं आणि ते बरोबरच आहे. पण गाळ हवा असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. काचेचं पाणी तीनदा गाळतात. आमच्या नळाला फडकं आम्हीच बांधतो.

असो. मी मॅनेजरला सांगितलं, दांडा आणून दाखवते. जमिनीवर उभं राहून तुमच्या तिसऱ्या मजल्याच्या काचा धुवून दाखवते. जमलं तर टेकडीवरच्या एकाही बाईने परत बाहेर पाऊल ठेवायचं नाही. तो म्हणाला, "मालकांना विचारतो." दोन दिवसांनी म्हणाला, "एक बंगला, एक शुक्रवार. काच चमकली नाही तर मावशी आहेतच."

मावशी आहेतच. म्हणजे पणाला कोण लागलं ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

भाऊंनी दांडा दिला, पंप दिला, गाळलेल्या पाण्याचे मोठे कॅन भरून दिले. टेम्पोत चढवताना म्हणाले, "पाणी मोजकंच आहे. चौकटी आधी, काच मग. आणि दाखवायच्या नादात उधळू नकोस."

मी दाखवायच्या नादात उधळलं. खोटं कशाला सांगू. मॅनेजर होता, दोन माळी होते, शेजारच्या बंगल्यांवरच्या चार-पाच बाया कामं टाकून आल्या होत्या, आणि मावशी तलावाच्या कडेला हाताची घडी घालून उभी. मी दांडा वर चढवला, ब्रशमधून पाण्याच्या दोन धारा फुटल्या, बाया "अगं बया!" म्हणाल्या, आणि मी हुरळले. पहिल्या खिडकीवर जेवढं पाणी लागतं त्याच्या तिप्पट ओतलं. वर भाषण चालूच. बघा, पाय जमिनीवर. बघा, हात कुठेही टेकलेला नाही. तिसऱ्या मजल्याच्या मोठ्या काचेवर आले, अर्धी धुतली आणि धार बारीक झाली. कॅन संपले.

भाऊंना फोन करायचा होता. मॅनेजरला सांगायचं होतं, आज एवढंच, उरलेलं उद्या. एवढं सोपं होतं. पण सगळे वर बघत होते आणि बागेचा नळ तीन पावलांवर होता. मी नळी लावली आणि टाकी बोअरच्या पाण्याने भरली.

काच धुतली गेली. ओली असताना काय सुंदर दिसली! बाया टाळ्या वाजवायच्या बेतात होत्या. मग ऊन आलं, काच सुकली आणि ठिपके उमटले. सबंध काचेवर राळ्याच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके.

"हे काय?" मॅनेजर म्हणाला.

मी खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात लक्षात आलं, मावशी तिथे नव्हती. मी वळून बघितलं, तलावाची कड रिकामी. वर बघितलं, तर खिडकी उघडली होती आणि मावशी बाहेर निघत होती. तिसऱ्या मजल्यावर. हातात बोळा. माझी फजिती होतेय हे तिला बघवलं नाही. ठिपके पुसून टाकायला ती निघाली होती. घाईत तिने पदर बांधलाच नाही.

"मावशी, आत जा!"

"झालं, झालं. एक हात मारते."

छज्जा ओला होता. माझ्याच पाण्याने. तिचा डावा पाय सरकला आणि ती खाली बसली, धप्पकन, एक पाय बाहेर लोंबता. चप्पल सुटली. ती चप्पल तीन मजले खाली माझ्यापासून दोन हातांवर फरशीवर आपटली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मावशी खिडकीची चौकट दोन्ही हातांनी धरून बसून राहिली. मग दोन बाया धावत वर गेल्या आणि काखेत धरून तिला आत ओढलं. गुडघा सोलवटला होता, मनगट मुरगळलं होतं. बस, एवढंच. एवढंच म्हणायचं, कारण चपलेच्या जागी ती असती तर मी आज हे लिहीत नसते.

मॅनेजरने वर काचेकडे बघितलं. पाय सरकायच्या आधी मावशीने काचेचा एक कोपरा पुसला होता. तो म्हणाला, "बघा, पुसल्यावर कशी झाली."

त्या वाक्यासाठी मी त्याला आजही माफ केलेलं नाही. पण तो छज्जा कुणी ओला केला, पाणी कुणी बदललं, हेही मी विसरलेले नाही. आजवरच्या माझ्या सगळ्या पत्रकांत दोष दुसऱ्याचा होता. या वेळी अर्धा माझा होता. तो असा लिहायला मला बराच काळ लागला.

त्या संध्याकाळी मावशीच्या मनगटाला हळद लावताना मी तिला सगळं सांगितलं. पाणी संपलं होतं, मी बोअरचं भरलं, ठिपके त्याचे होते, दांड्याचे नव्हते. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "मंग तितंच सांगायचं ना, येडे. मी उगाच चढले."

"पुन्हा दाखवू का? या वेळी बरोबर करते. पण तू पुसायचं नाहीस. काहीही झालं तरी."

तिने हळदीचा हात बाजूला केला. मग म्हणाली, "पाय सुटला तवा माज्या ध्यानात काय आलं, सांगू? का आपुन कुणाच्या खिडकीपायी मरतोय, त्याचं नावबी मला ठावं न्हाई."

हे पत्रकात लिहायला हवं होतं. मला सुचलं नव्हतं.

मॅनेजर दुसरी संधी द्यायला तयार नव्हता. मी म्हटलं, ठीक, मग परवा काय झालं ते मी मालकांना स्वतः सांगते, चपलेच्या आवाजासकट. तेव्हा 'मालकांना विचारतो' न म्हणता तो लगेच हो म्हणाला.

या वेळी भाऊ स्वतः आले. पाणी दुप्पट. मीटर मॅनेजरच्या हातात दिलं, आकडा त्यानेच वाचला. मी तोंड बंद ठेवलं. वर तार नाही, खाली पाय ठीक. आधी वरची चौकट घासली, मग बाजूच्या, कोपऱ्यांतलं शेवाळ, मग काच वरून खाली, सरळ पट्ट्यांत. मग शेवटचं धुणं, फक्त काचेवरून, चौकटीला परत हात नाही, नाहीतर तिथली माती ओघळते. आणि दांडा खाली.

काच ओली. पाणी ओघळत होतं.

"आता?" मॅनेजर म्हणाला.

"आता काही नाही. थांबायचं."

खरी परीक्षा तिथे होती. मावशी पायरीवर बसली होती. ओली काच तशीच सोडून द्यायची हे तिच्या अंगात नव्हतंच. एकेका थेंबाबरोबर तिचे हात वळवळत होते. शेवटी तिने ते मांडीखाली दाबले आणि त्यावर बसून राहिली. शेजारच्या बाया हसायला लागल्या. एक म्हणाली, "मावशे, हात बांधू का पदरानं?"

मॅनेजरला दम निघेना. "एकदा वरून फडकं फिरवलं असतं तर... मावशी, जरा बघता का? तेवढा खालचा कोपरा."

मी बोलणार होते. भाऊंनी माझ्या कोपराला धरलं.

मावशी बसल्या जागेवरून म्हणाली, "न्हाई."

"अहो, एक मिनिटाचं काम."

"तुमी चढा. एक मिनिटाचं हाय ना? तुमच्या किल्ल्या मी धरते."

मॅनेजर चढला नाही. चढायची गोष्ट सोडा, त्याने खिडकीकडेही बघितलं नाही. ऊन आलं. काच सुकली. तीत डोंगर दिसत होता, वरचा ढग दिसत होता, ठिपका एकही नव्हता. मावशीने उठून, जवळ जाऊन, खालच्या मजल्याची काच बोटाने घासून बघितली. ती कुईऽ करून ओरडली.

"वरडली," ती म्हणाली. एवढं प्रमाणपत्र मला पुरलं.

गोष्ट इथे संपली असती तर मी खूश झाले असते. पण मॅनेजर म्हणाला, "बरंय. घेऊ एक दांडा. पण हे मशिनचं काम आहे, बायांना नाही जमायचं. दोन गडी लावतो."

ऐका! मरायचं काम होतं तोवर ते बायांचं होतं. जमिनीवर आलं, हातात यंत्र आलं, तर लगेच गड्यांचं झालं. माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळासुद्धा तयार झाला. पण माझ्या आधी मावशी उठली होती. तिने माझ्या हातातून दांडा घेतला. मुरगळलेलं मनगट अजून सुजलेलंच होतं, म्हणून वजन डाव्या हातावर घेतलं. वर बघितलं, तार नाही. खाली बघितलं, पाय फाकवून रोवले. आणि पुढच्या खिडकीला ब्रश असा अलगद टेकवला, की भाऊ म्हणाले, "ह्यांना कुणी शिकवलं?"

"जांबळं कोन पाडतं आमच्यात?" मावशी म्हणाली. "ल्हानपनापासनं आकडीची काठी हातात हाय. गड्यांना म्हना, तुमी पानी गाळा."

आता त्या बंगल्याच्या आणि त्याच्या बाजूच्या दोन बंगल्यांच्या काचा मावशी धुते, दांड्याने. उरलेल्यांचे मालक अजून विचार करतायत. कसला विचार करतात, मला माहीत नाही. गेल्या शुक्रवारी मी तिला डबा द्यायला गेले होते. ती मान वर करून दांडा फिरवत होती. मानेला रग लागते, अशी तिची नवी तक्रार आहे, आणि ती खरी आहे. पलीकडच्या बंगल्याच्या छज्ज्यावर एक बाई उभी होती, पदर मुठीला बांधून. मी पिशवीतून पत्रक काढायला लागले.

मावशीने पंप बंद केला.

"ए बाय!" ती पहिल्यांदा हळूच म्हणाली, दचकवायचं नाही म्हणून. बाईने वळून बघितलं, चौकट घट्ट धरली. मग मावशी सगळ्या टेकडीला ऐकू जाईल अशी ओरडली, "उतर खाली! तुज्या मॅनेजरला म्हनावं, मावशीनं उतरवली. हितं ये, दांडा धर."

बाईने एक पाय खिडकीच्या आत टाकला. मग तिने गाठ सोडायला घेतली.